रानातली रोपं आणि देशी झाडांचं बोन्साय : कुठून उचलायची, कशी जगवायची

गच्चीमाळी (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आलाय आणि ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, ट्रेकला गेलो होतो, कड्यावर करवंदाचं काय भारी जुनं खोड दिसलं, कसं काढू? दरवर्षी एकेकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सगळं लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, काढू नका. राखीव वनातून परवानगीशिवाय काहीही उचलणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा वरून लागतो, आणि देवराईला तर गावकरी स्वतःही हात लावत नाहीत, मग आपण कोण. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते झाड जगतच नाही हो. कातळाच्या फटीत वाढलेल्या करवंदाचं खरं मूळ हाताला लागतच नाही, ते खाली कुठल्याकुठे गेलेलं असतं. तुमच्या हातात येतं ते खोड आणि चार तुटके धागे. जपानी लोकांचे डोंगरातून आणलेल्या झाडांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे खोरं घेऊन निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते लोक एकेका झाडाची मुळं टप्प्याटप्प्याने तोडत वर्षं घालवतात, ते व्हिडिओत दिसत नाही.

आणि गरजच काय? आपल्या शहरात नाहीतरी मरणार असलेली इतकी रोपं उगवतात की डोंगरात जायचं कारणच उरत नाही. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, यांची फळं पक्षी खातात आणि बिया पागोळीत, ड्रेनेज पाइपच्या सांध्यात, जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत टाकतात. पावसाळ्याआधी सोसायट्यांची कामं निघतात तेव्हा परांचीवरचे रंगारी ही सगळी रोपं खरवडून खाली फेकतात, वर मुळावर अॅसिड ओततात. त्या रंगाऱ्यांशी दोस्ती करा. चहा पाजा आणि सांगा की अॅसिड ओतायच्या आधी मला हाक मारा. माझ्याकडचे सगळ्यात चांगले नांद्रुक असेच आलेत.

भिंतीतलं रोप ओढायचं नाही. ओढलं की मूळ आत तुटतं आणि तुमच्या हातात काडी येते. जुना स्क्रू ड्रायव्हर किंवा छोटी छिन्नी घेऊन फटीतला चुना उकरत उकरत जायचं. विटांच्या दोन थरांमधून गेलेलं मूळ पार चपटं झालेलं असतं, पट्टीसारखं, आणि त्याला चुन्याचे खडे घट्ट चिकटलेले असतात. ते खडे सोलून काढायचा मोह आवरा, बारीक तंतुमुळं त्यांनाच धरून असतात. चीक गळेल, गळू दे, पाण्याने धुवा, आपोआप थांबतो. लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा. घरी आल्यावर पानं निम्मी कापा, शेंडा खुडा आणि बारीक मुरूम अर्धा, विटेचा चुरा पाव, जुनं शेणखत पाव अशा मिश्रणात लावा. मुरूम चाळून घ्यायचा, वरचे गोटे आणि खालची पूड दोन्ही टाकून द्यायची, मधला ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवायचा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. काळी माती अजिबात नको. ती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते, आणि भेगाळताना मुळं तोडते.

वरून मोठी प्लास्टिकची पिशवी तंबूसारखी घाला आणि सावलीत ठेवा, रोज संध्याकाळी थोडा वेळ उघडा. नवी पालवी आली म्हणजे झाड लागलं असं समजू नका, वडाच्या जातीची झाडं खोडातल्या साठ्यावरही फुटतात. कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की मग पिशवी हळूहळू काढायची आणि झाड उन्हाला आणायचं. त्या वर्षी फांद्या वळवायची तार नाही, छाटणी नाही, उथळ ट्रे तर नाहीच नाही.

प्रश्न असतील तर विचारा, बाकीचे जाणकार पण आहेतच इथे.

चाळकरी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या चाळीच्या संडासाच्या पाइपवर एक पिंपळ आहे, खोड चांगलं अंगठ्याएवढं झालंय. काढला तर बोन्साय होईल का? आई म्हणते पिंपळाला हात लावू नको, दुसरीकडे प्लंबर म्हणतो पाइप फुटेल. शिवाय याला पालिकेची परवानगी लागते का?

गच्चीमाळी

चाळकरी, प्लंबरचं बरोबर आहे. पाइप फुटायच्या आधी तो तोडला जाणारच आहे, त्यापेक्षा कुंडीत जगला तर आईंनाही बरं वाटेल, आमच्या शेजारच्या काकू तर शनिवारी माझ्याच कुंडीतल्या पिंपळाला पाणी घालून जातात. परवानगीचं म्हणाल तर अंगठ्याएवढ्या रोपाला कुणी विचारत नाही, सोसायटीला आणि मालकाला सांगून करा म्हणजे झालं. पण खोड चांगलं जाडजूड झालेलं झाड असेल, मग ते भिंतीतलं का असेना, तर आधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जा. शहरातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे आणि त्यात मुळासकट उपटणं हेही तोडणंच.

आता पिंपळ बोन्सायला कसा? खरं सांगू, मध्यम. पान मोठं, देठ लांब, शेपूट लांब, आणि हे कितीही खुडलं तरी एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. त्यामुळे छोटा पिंपळ विचित्र दिसतो, दीड-दोन फुटांचा, जाड खोडाचा केला तर शोभतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन जी तांबूस गुलाबी पालवी येते त्यासाठी ठेवावा एखादा. पहिलाच प्रयोग असेल तर नांद्रुक घ्या. पान लहान, चकचकीत, फांद्या दाट, आणि छाटलं तिथून दोन फुटवे. नर्सरीत 'जिनसेंग फायकस' म्हणून जाड बटाट्यासारख्या मुळांचं झाड पाचशे-हजाराला विकतात ना, ते नांद्रुकच आहे, वरून दुसरी फांदी कलम केलेली. तेच भिंतीत फुकट मिळतं.

टिकोजीराव

धागा चांगला आहे पण 'देशी' म्हणताना जरा तपासून. बोन्सायवाल्यांची यादी आली की चिंच पहिली असते, आणि चिंच मूळची आफ्रिकेतली. गोरखचिंचसुद्धा आफ्रिकेतलीच. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला. हे सगळं देशी म्हणून खपवलं जातं.

गच्चीमाळी

टिकोजीराव, मान्य. पण चिंच इथे इतक्या शतकांपासून आहे की तिच्या झाडाखाली भुतं राहायला आली, अजून किती रहिवासाचा दाखला पाहिजे? :) थट्टा सोडा, माझ्या लेखी ती चालते. बारीक पान, रात्री मिटतं, खोडाला लहानपणीच भेगाळ साल धरते. पावसात चिंचेखाली शेकड्यांनी रोपं उगवतात आणि सगळी आईच्या सावलीत मरतात. तिथून दोन-चार पानांची असतानाच उचला.

तिचं सोटमूळ लगेच खाली धावतं, त्यामुळे उचलल्याबरोबर ते निम्मं कापा आणि रोप लावताना बुंध्याच्या खाली फुटक्या कौलाचा किंवा फरशीचा चपटा तुकडा ठेवा. मूळ त्याच्यावर आपटून चहूबाजूला पसरतं. पुढे ट्रेमध्ये जमिनीवर पसरलेली जी सुंदर मुळं दिसतात ती याच कौलाची करामत, आणि हे काम पहिल्याच पावसाळ्यात झालं पाहिजे. नंतर खोड दिसायला कितीही छान झालं तरी खालून ते खुंटीसारखं सरळच राहतं आणि मग ट्रेमध्ये बसत नाही.

मृद्गंधा

पुण्यात असाल तर वावळ विसरू नका कुणी. उन्हाळ्यात पदपथावर चपट्या पातळ चकत्यांचा सडा पडतो ना, त्या वावळाच्या बिया, आम्ही लहानपणी सोलून खायचो. पहिल्या दोन पावसात प्रत्येक गटाराच्या कडेला रोपं येतात. बाहेरच्या बोन्सायमध्ये एल्म म्हणून ज्या झाडाचं एवढं कौतुक चालतं त्याच कुळातलं आपलं हे. पानगळ होते, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांची नक्षी उघडी दिसते. पान चुरगळलं तर वास घाण येतो पण आपल्याला काय ते चुरगळायचंय. पाच-सहा रोपं एकत्र लावून राई करा, एकटं झाड भरायला खूप वर्षं जातात, राई लवकर दिसते.

सावजी_४५

नागपूरहून. तुमचा तो प्लास्टिकचा तंबू इकडे मे महिन्यात लावला तर रोप शिजून निघंल भाऊ. इकडे ४५ च्या पुढं जातंय. मला पळसाचं बोन्साय करायची फार हौस आहे, शेतात रोपं लय आहेत. आणि वडाला पारंब्या काही केल्या येत नाहीयेत, कोकणातल्यांचे फोटो पाहून जळतो नुसता.

गच्चीमाळी

सावजी भाऊ, मे महिन्यात रोप काढूच नका. मृगाचा पाऊस बसू द्या, हवा दमट झाली की मगच. आणि उन्हाळ्यात पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर, आणि दुपारी पश्चिमेचं ऊन कुंडीच्या भिंतीवर पडणार नाही अशी आडोशाला. झाड उन्हाने कमी मरतं, तापलेल्या कुंडीत मुळं भाजून जास्त मरतं.

पळस नका करू. तीन मोठ्या पानांचं झाड, सोटमूळ खोल, उचललेलं आवडत नाही, आणि कुंडीत फुलं येईपर्यंत तुमची हौस फिटलेली असेल. तो बांधावरच फुलू द्या, तिथेच तो देखणा. तुमच्याकडे त्याहून भारी माल आहे, शेताच्या बांधावरची बोर आणि हिवर. ज्या बांधावर वर्षानुवर्षं शेळ्या चरतात तिथे जाऊन बघा. शेळी वरचा प्रत्येक कोंब खुडते, खोड जाड होत राहतं आणि उंची गुडघ्याच्या वर जात नाही. आपण ट्रेमध्ये दहा वर्षं जे करतो ते शेळीने आधीच करून ठेवलेलं असतं. फक्त बांध तुमचा किंवा ओळखीचा असला पाहिजे.

बोर काढायची तर एका दमात नाही. या पावसाळ्यात खोडापासून वीतभर लांब एका बाजूने अर्धवर्तुळ चर खणायचा, जाड मुळं सरळ कापायची, चरात वाळू आणि शेणखत भरून ठेवायचं. पुढच्या पावसाळ्यात दुसरी बाजू. तोवर पहिल्या बाजूला बारीक मुळांचं जाळं आलेलं असतं. त्याच्या पुढच्या वर्षी काढायची ती उन्हाळ्याच्या शेवटी, बोरीच्या बागावाले छाटणी करतात त्याच सुमाराला, कारण तेव्हा झाड पान टाकून गप्प बसलेलं असतं. हातमोजे घाला, बोरीचा एक काटा सरळ आणि एक वाकडा, सरळ टोचतो आणि वाकडा सोडत नाही.

पारंब्या दमट हवेच्या असतात, त्यामुळे विदर्भात कमीच. पावसाळ्यात फांदीवरून छोटीशी पारंबी डोकावली तर तिच्यावर शहाळं प्यायची स्ट्रॉ उभी चिरून घाला, आत ओलं नारळाचं काथ्याचं भुसं भरा आणि खालचं टोक मातीत टेकवा. मूळ आतून उतरतं. एकदा जमिनीत गेली की कोरड्या हवेतही ती जाड होते.

फांदीबहाद्दर

बाभूळ आणि खैर कुणी जगवलेत का? मी बांधावरून आणलेली रोपं पान टाकतात आणि जातात.

मृद्गंधा

बाभूळ-खैर उचलू नका हो, सोटमूळ कापलं की रुसतात. बी पासून करा. बी कडक असतं, गरम पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं आणि फुगलेलं तेवढं पेरायचं. आमचे मामा तर बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करायचे, शेळीच्या पोटातून आलेलं बी भराभर उगवतं म्हणून. पेरताना पहिल्यापासूनच खाली कौल ठेवा, म्हणजे नंतर मूळ कापायची वेळच येत नाही.

भोचक

सगळं ठीक आहे, पण एका प्रचंड वृक्षाला जन्मभर बशीत कोंबून ठेवायचं ही विकृती नाही का? आणि वास्तुशास्त्रात सांगितलंय बोन्साय घरात असलं की घराची भरभराट खुंटते.

गच्चीमाळी

भोचक, भिंतीतल्या त्या वडाचं पुढे काय झालं असतं? अॅसिड. एवढंच माझं उत्तर. आणि बोन्साय घरात ठेवायचंच नसतं, गॅलरीत-गच्चीत उन्हात ठेवायचं असतं, त्यामुळे वास्तूचा प्रश्न निकालात. घरात टीव्हीशेजारी ठेवलेलं बोन्साय वास्तूमुळे नाही, उजेड नसल्यामुळे मरतं.

कातळसडा

रत्नागिरीतून लिहितोय. करवंदाबद्दल थोडं. मोठी जाळी खणून आणू नका हे शंभर टक्के खरं, आमच्याकडे जांभ्यात पहार चालवावी लागते आणि शेवटी जाळी पण जाते आणि कंबर पण. मे महिन्यात पिकलेली करवंदं खा आणि बिया त्याच दिवशी धुऊन पेरा. वाळवून डबीत ठेवलेल्या नंतर उगवत नाहीत. रोपं लवकर येतात, काटे पण लवकर येतात. पान मुळातच लहान, पांढरी वासाची फुलं, खोड सावकाश भरतं पण साल सुरेख होते. दुसरं म्हणजे आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घर बांधायला जागा साफ करतात, महामार्गाचं रुंदीकरण चालूये, तिथे जेसीबी यायच्या आधी मालकाला विचारून माकडलिंबू, अंजनी असली झाडं वाचवता येतात. अंजनीला निळीजांभळी फुलं येतात, एकदा बहरली की बाकी सगळं फिकं. पण तिची मुळं फार नाजूक, मातीच्या गोळ्यासकटच काढा, गोळा फुटला की संपलं.

पावसाचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे जुलैत ट्रे म्हणजे तळं होतं.

गच्चीमाळी

कातळसडा, अंजनीसाठी खास आभार, तो अनुभव माझ्याकडे नव्हता. पावसाचं सोपं आहे, ट्रेच्या एका कडेखाली फरशीचा तुकडा सरकवायचा. तिरका ट्रे आडव्या ट्रेपेक्षा जास्त निचरा करतो, पाणी एका कोपऱ्याला येऊन भोकातून जातं. आणि तुमच्याकडे शेणखत दहा टक्क्यांवर आणा, उरलेलं सगळं चाळलेला जांभ्याचा खडा.

मृद्गंधा

नांद्रुकाची नवी पानं दुमडून शेंगेसारखी होतायत, उघडलं तर आत काळे बारीक किडे. काय मारू?

गच्चीमाळी

थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. आधी दुमडलेली पानं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, फवारणी दुमडीच्या आत पोचत नाही त्यामुळे तोडल्याशिवाय उपाय नाही. मग निंबोळी तेल पाच मिली एका लिटरला, थोडा साबण घालून, संध्याकाळी, आठ दिवसांनी परत. पिठ्या ढेकूण असेल तर तो फांदीच्या बेचक्यात बसतो, जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढा.

चाळकरी

पिंपळ काढला! प्लंबरनेच मदत केली, पाइपचा सांधा सोडवला तेव्हा आतून मुळांचा जुडगा निघाला. मोठं मूळ कापलंय, जखम बोटाएवढी आहे, तिला काय लावू? आणि तार कुठली घ्यायची, ऑनलाइन अॅल्युमिनियमची किंमत बघून डोळे फिरले.

गच्चीमाळी

अरे वा! जखमेवर बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर हे बागायतदारांचं प्रमाण, तुम्हाला दहा-दहा ग्रॅम आणि शंभर मिली पुरेल. प्लास्टिकच्या भांड्यात करा, लोखंडाच्या नको.

तारेची आत्ता घाई नाही. पुढच्या वर्षी लागेल तेव्हा मोटर वाइंडिंगच्या दुकानातली जुनी तांब्याची तार किलोवर मिळते. ती कडक असते, उघड्यावर गोवरीच्या विस्तवात लाल करून गार केली की मऊ पडते आणि वरचं वार्निशही जळून जातं. धुरापासून लांब उभे राहा, चाळीत तर करूच नका, कुणाच्या तरी गावाला गेल्यावर करा. गुंडाळताना फांदीला पंचेचाळीस अंशात, ना सैल ना घट्ट. पिंपळ-वडाची फांदी पावसाळ्यात झपाट्याने फुगते आणि तार सालीत रुतते, त्यामुळे जूनमध्ये घातलेली तार दर पंधरवड्याला बघा, रुतायला लागली तर उलगडत बसू नका, पकडीने तुकडे करून काढा.

सावजी_४५

बांधावर जाऊन आलो. बोर सापडली, मांडीएवढं खोड आणि उंची गुडघ्याएवढी. पण बांध माझा आणि चुलतभावाचा सामाईक आहे, आणि शेळ्या त्याच्या.

गच्चीमाळी

मग आधी चुलतभाऊ, नंतर चर. पावसाळ्याआधी विचारून घ्या, आणि मान्य झालं तर बोरीभोवती काट्याची कुंपाटी घाला, चर खणल्यावर नवे कोंब जोरात येतात आणि त्या वर्षी ते शेळीने खाता कामा नयेत.